८३ ते ३६ : अमेरिकेतल्या मोफत टीव्हीचे आक्रसत गेलेले आकाश

२९ जून २०१६ रोजी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, एक आकडा जाहीर केला : ८६.४ अब्ज डॉलर. टीव्ही केंद्रांकडून ठरलेल्या रेडिओलहरी मोकळ्या करून घ्यायच्या, तर त्यांना मिळून एवढे पैसे मोजावे लागणार होते. मोकळ्या झालेल्या लहरी मोबाइल कंपन्यांना विकायच्या, आलेल्या पैशांतून केंद्रांचा मोबदला भागवायचा आणि उरलेली रक्कम सरकारी तिजोरीत भरायची, असा बेत होता. दोन महिन्यांनी मोबाइल कंपन्यांची बोली झाली आणि ती २३.१ अब्जांवर थांबली. विकणारा आणि घेणारा यांच्यात ६३ अब्ज डॉलरचे अंतर होते.

अशा दुहेरी लिलावाचा प्रयोग तोपर्यंत कुठल्याच देशाने केला नव्हता. एका बाजूला छपरावरच्या अँटेनातून फुकट दिसणारा टीव्ही, दुसऱ्या बाजूला दरमहा पैसे भरून खिशातल्या फोनवर मिळणारे इंटरनेट, आणि दोघांचा डोळा लहरींच्या एकाच पट्ट्यावर. अर्थशास्त्राच्या वर्गांत या लिलावाची हकीगत कौतुकाने सांगितली जाते, आणि त्या कौतुकाला तो पात्रही आहे. पण ज्याच्यासाठी ही केंद्रे उभी राहिली, तो अँटेना लावून टीव्ही पाहणारा माणूस या सौद्यात कुठे होता, हे विचारल्याशिवाय हकीगत पुरी होत नाही. त्यासाठी साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागते.

सत्तर नव्या वाहिन्या

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत टीव्ही केंद्रांच्या परवान्यांसाठी रीघ लागली. शेजारच्या शहरांतली केंद्रे एकमेकांच्या चित्रात घुसू लागली, तेव्हा १९४८मध्ये एफसीसीने नवे परवाने देणेच थांबवले. काही महिन्यांपुरती म्हणून आलेली ही बंदी जवळजवळ चार वर्षे टिकली आणि तेवढा काळ देशाने १०८ केंद्रांवर भागवले. एप्रिल १९५२मध्ये बंदी उठली ती नवा नकाशा घेऊनच. २ ते १३ क्रमांकांच्या जुन्या व्हीएचएफ वाहिन्यांच्या जोडीला यूएचएफ पट्ट्यातल्या १४ ते ८३ अशा सत्तर वाहिन्या आल्या. प्रत्येक वाहिनीला ६ मेगाहर्ट्झ जागा मिळाली.

या नकाशावर एका बाईंची ठसठशीत छाप आहे. फ्रीडा हेनॉक या एफसीसीच्या पहिल्या महिला सदस्य. सगळ्या वाहिन्या व्यापारी कंपन्यांच्या हाती गेल्या, तर शिक्षणासाठी पुन्हा कधी जागा मिळणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि सहकाऱ्यांचा विरोध पत्करून हा मुद्दा लावून धरला. अखेर २४२ जागा शैक्षणिक, बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवल्या गेल्या. १९५३मध्ये ह्यूस्टन शहरात त्यांतले पहिले केंद्र सुरू झाले. अमेरिकेची पुढची सारी सार्वजनिक टीव्हीव्यवस्था या राखीव जागांवर वाढली.

केंद्रांना या लहरी मालकीने मिळाल्या नव्हत्या. १९३४च्या कायद्याने स्पष्टच सांगितले होते की परवाना वापराचा आहे, मालकीचा नाही. केंद्राने लहरींसाठी सरकारला पैसे द्यायचे नव्हते. त्या बदल्यात त्याने जनहित, जनतेची सोय आणि गरज पाहून प्रक्षेपण करायचे होते. लहरी लोकांच्या, वापर केंद्राचा आणि कार्यक्रम लोकांना फुकट, असा तो करार होता. पुढे जे जे घडले, ते या तीन कलमांपैकी कुठले टिकले आणि कुठले ढिले झाले, या कसोटीवर पाहावे लागते.

नकाशात वाहिन्या दिसत असल्या तरी प्रत्यक्षात वरच्या वाहिन्या ओस पडल्या होत्या. बहुतेक टीव्ही संचांना यूएचएफ पकडताच येत नव्हते. प्रेक्षक नाही म्हणून जाहिरात नाही, जाहिरात नाही म्हणून केंद्र नाही. शेवटी १९६२मध्ये अमेरिकी संसदेने, काँग्रेसने, कायदा केला आणि १९६४पासून प्रत्येक नव्या संचात सगळ्या वाहिन्या लागल्याच पाहिजेत असे ठरले. तोवर पोलीस, अग्निशमन दल आणि टॅक्सी कंपन्यांच्या बिनतारी यंत्रणा जागा मागू लागल्या होत्या. १९७०मध्ये एफसीसीने ७० ते ८३ या वाहिन्या टीव्हीकडून काढून फिरत्या संपर्कासाठी देण्याचे ठरवले. १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोत अमेरिकेतली पहिली व्यापारी सेल्युलर सेवा सुरू झाली, ती टीव्हीने सोडलेल्या याच भागात. टीव्हीची वरची हद्द ८३ वरून ६९ वर आली होती.

लहरींना भाव फुटला

या वाटपात पैशाचा विचार कुठेच नव्हता. तो पहिल्यांदा नेटाने मांडला रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने. १९५९मध्ये एफसीसीवर लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी म्हटले की जमीन विकता येते तसे लहरी वापरण्याचे हक्कही विकता येतील आणि त्यांची वाटणी अधिकाऱ्यांच्या मर्जीपेक्षा किमतीने अधिक चांगली होईल. आयोगापुढे त्यांची साक्ष झाली, तेव्हा एका सदस्याने त्यांना विचारले की ही सगळी थट्टा आहे का. कोस यांना १९९१मध्ये नोबेल मिळाले. १९९३मध्ये काँग्रेसने लहरींच्या लिलावाला परवानगी दिली आणि जुलै १९९४मध्ये पहिला लिलाव झाला. त्याचे नियम घडवण्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रॉबर्ट विल्सन आणि पॉल मिलग्रोम यांचा मोठा वाटा होता.

टीव्ही केंद्रे मात्र अजून या बाजाराबाहेर होती आणि आपल्या रिकाम्या जागा राखण्यासाठी त्यांना कारण हवे होते. ते जपानने पुरवले. १९८०च्या दशकात मोटोरोलासारख्या कंपन्या यूएचएफमधल्या मोकळ्या वाहिन्यांवर हक्क सांगू लागल्या. तेव्हा प्रक्षेपकांच्या राष्ट्रीय संघटनेने, एनएबीने, जपानच्या एनएचके या प्रक्षेपण संस्थेच्या हाय डेफिनिशन टीव्हीचे प्रात्यक्षिक जानेवारी १९८७मध्ये वॉशिंग्टनमध्ये घडवले. इतके सुरेख चित्र उद्या अमेरिकी घरांत आणायचे असेल, तर या वाहिन्या आम्हालाच लागतील, असा युक्तिवाद होता. तो लागू पडला.

गंमत म्हणावी तर पुढचा टप्पा जपानी तंत्राने गाठलाच नाही. अमेरिकी अभियंत्यांनी पूर्ण डिजिटल पद्धत शोधली आणि १९९६मध्ये ती राष्ट्रीय मानक ठरली. त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्याने प्रत्येक केंद्राला डिजिटल प्रक्षेपणासाठी आणखी एक वाहिनी देण्याचा मार्ग मोकळा केला. एकीवर जुने अॅनालॉग, दुसरीवर नवे डिजिटल, आणि स्थित्यंतर संपले की एक परत करायची. सिनेटर बॉब डोल यांनी याला कडाडून विरोध केला. ज्या लहरी विकल्या तर जनतेला अब्जावधी डॉलर मिळतील, त्या श्रीमंत कंपन्यांना फुकट का द्यायच्या, असा त्यांचा सवाल होता. वाहिन्या दिल्या गेल्या. परत करण्याची मुदत २००६ ठरली, पण तिच्या जोडीला अट होती : ८५ टक्के घरे डिजिटल पाहू शकत असली पाहिजेत. ही अट पाहता मुदत पाळली जाण्याची शक्यता मुळातच थोडी होती.

मुदतीला धार आली ती एका शोकांतिकेनंतर. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळले, तेव्हा उत्तर मनोऱ्याच्या माथ्यावरचे न्यूयॉर्कच्या बहुतेक टीव्ही केंद्रांचे अँटेने कोसळले आणि तिथे कामावर असलेले सहा प्रक्षेपण अभियंते मरण पावले. त्या दिवशी पोलीस आणि अग्निशमन दलांचा आपसातला बिनतारी संपर्कही अपुरा पडला होता. आपत्तीतल्या यंत्रणांना अधिक लहरी द्या, अशी शिफारस चौकशी आयोगाने केली. ज्या वाहिन्या केंद्रांनी परत करायच्या होत्या, त्यांतल्याच काही या कामासाठी ठरवलेल्या होत्या. आता काँग्रेसने पक्की तारीख घातली : १७ फेब्रुवारी २००९.

जुना टीव्ही बंद होतो

८ सप्टेंबर २००८ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टन शहराने सरावादाखल सर्वांत आधी अॅनालॉग प्रक्षेपण थांबवले. हवाईने १५ जानेवारी २००९ हा दिवस निवडला, त्यामागचे कारण हृद्य आहे. हालेआकाला ज्वालामुखीवरचे जुने मनोरे पाडायचे होते, आणि तिथे घरटी करणाऱ्या दुर्मीळ समुद्रपक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू होण्याआधी ते काम उरकायचे होते. पक्ष्यांचा हंगाम पाहून एका राज्याने आपले वेळापत्रक बदलले.

माणसांच्या बाबतीत इतकी नेटकी व्यवस्था झाली नाही. जुन्या संचाला जोडायच्या डिजिटल खोक्यासाठी सरकार घरटी ४० डॉलरची दोन कूपन देत होते. जानेवारी २००९मध्ये त्यासाठीचा पैसाच संपला आणि लाखो अर्ज ताटकळले. त्यांत म्हातारी माणसे, गरीब कुटुंबे, खेड्यांतले आणि इंग्रजी न बोलणारे लोक मोठ्या प्रमाणावर होते, कारण फक्त अँटेनावर टीव्ही पाहणारा वर्गच तो होता. नव्या काँग्रेसने मुदत १२ जूनपर्यंत वाढवली आणि त्या दिवशी मोठ्या केंद्रांचे अॅनालॉग प्रक्षेपण संपले.

५२ ते ६९ या वाहिन्या सुटल्या. त्यांतल्या मोठ्या भागाचा लिलाव २००८मध्ये आधीच झाला होता. सरकारला सुमारे १९ अब्ज डॉलर मिळाले आणि व्हेरायझन व एटी अँड टी या कंपन्यांनी तिथे चौथ्या पिढीची जाळी उभारली. टीव्हीची हद्द आता ५१.

स्वेच्छेचा कायदा

आयफोन २००७मध्ये आला आणि मोबाइल जाळ्यांवरचा भार झपाट्याने वाढला. मार्च २०१०मध्ये एफसीसीने राष्ट्रीय ब्रॉडबँड आराखडा मांडला. त्या वेळचे अध्यक्ष ज्युलियस जेनाकाउस्की होते आणि आराखडा तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख ब्लेअर लेव्हिन. दहा वर्षांत ५०० मेगाहर्ट्झ ब्रॉडबँडसाठी मिळवायचे आणि त्यांतले १२० टीव्हीच्या पट्ट्यातून घ्यायचे, असे उद्दिष्ट होते. केवळ अँटेनावर अवलंबून असलेली घरे तेव्हा सुमारे दहा टक्के मानली जात. बाकीचे केबल किंवा उपग्रहावरून पाहतात, मग एवढी मौल्यवान जागा दहा टक्क्यांसाठी का अडवायची, हा विचार त्यामागे होता.

त्या पट्ट्याचे मोल खरेच मोठे आहे. ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी दूर जातात, भिंती भेदून घरात शिरतात, झाडीतून आरपार जातात. याच गुणांमुळे त्या पूर्वी टीव्हीसाठी निवडल्या गेल्या होत्या. कमी मनोऱ्यांत खेडोपाडी पोहोचू पाहणाऱ्या मोबाइल कंपनीलाही नेमके हेच हवे असते.

केंद्रांकडून लहरी हिसकावून घेतल्या, तर खटले वर्षानुवर्षे चालले असते. म्हणून २२ फेब्रुवारी २०१२च्या कायद्याने मधला मार्ग काढला. केंद्राने हवे तर लहरी सोडाव्यात आणि मोबदला घ्यावा. नको असेल तर राहावे, मात्र वाहिनीचा क्रमांक बदलावा लागला तर बदलावा. त्या खर्चासाठी १.७५ अब्ज डॉलर बाजूला काढले गेले. राहणाऱ्या केंद्राचे क्षेत्र आणि प्रेक्षक शक्य तितके जपले जातील, अशी हमीही कायद्यात होती. ती पूर्ण ताकदीच्या केंद्रांना आणि काही निवडक छोट्या केंद्रांना मिळाली. उरलेली कमी ताकदीची हजारो केंद्रे आणि डोंगरापलीकडे सिग्नल पोहोचवणारे सहप्रक्षेपक त्या हमीबाहेर राहिले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सँडी वादळाने पूर्व किनारा झोडपला. दहा राज्यांतल्या बाधित भागातले सुमारे एक चतुर्थांश मोबाइल मनोरे बंद पडले, पण टीव्ही आणि रेडिओ केंद्रे बहुतेक चालू राहिली. एका मनोऱ्यावरून एकाच वेळी लाखो लोकांना सांगणे, आणि ऐकणाऱ्यांची संख्या कितीही वाढली तरी न कोलमडणे, ही प्रक्षेपणाची ताकद त्या रात्री दिसली. ही ताकद किमतीत मोजायची कशी, याचे उत्तर लिलावाच्या नियमांत नव्हते.

लिलाव

लिलावाची अवघड बाजू समजण्यासाठी चाळीचे उदाहरण घेऊ. काही भाडेकरूंना पैसे देऊन खोल्या रिकाम्या करून घेतल्या, तरी त्या इकडेतिकडे विखुरलेल्या असतात. अख्खी एक बाजू मोकळी हवी असेल, तर उरलेल्यांना दुसऱ्या बाजूला सरकवावे लागते. इथे भाडेकरू दोन हजारांहून अधिक होते, आणि कोणाच्या शेजारी कोण चालेल यावर २७ लाखांच्या आसपास बंधने होती. कॅनडा आणि मेक्सिकोच्या केंद्रांना अडथळा होऊ नये, तेही पाहायचे होते.

मिलग्रोम यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने किंमत उतरत जाणारा लिलाव रचला. प्रत्येक केंद्राला सुरुवातीला चढा देकार दिला गेला. न्यूयॉर्कमधल्या एका केंद्रासाठी तो ९० कोटी डॉलर होता. मग फेरीफेरीने देकार उतरत जाई. परवडेनासे झाले की केंद्र बाहेर पडे आणि टीव्हीच्या उरलेल्या वाहिन्यांत आपली जागा पक्की करी. प्रत्येक वेळी संगणक तपासत असे : हे केंद्र उरलेल्या जागेत अजून बसू शकते का? बसत असेल तर देकार आणखी उतरे. बसत नसेल तर त्याची किंमत तिथेच गोठे आणि ते विकत घेतले जाई. ही तपासणी काही सेकंदांत व्हायला हवी होती. ती करणारी प्रणाली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात केव्हिन लेटन-ब्राउन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बांधली.

प्रत्यक्ष लिलाव २९ मार्च २०१६ला सुरू झाला. पहिल्या टप्प्यात १२६ मेगाहर्ट्झ मोकळे करायचे होते आणि तिथेच ८६.४ अब्जांचा आकडा आला. बोली पुरेना म्हणून उद्दिष्ट ११४वर आणले. केंद्रांची किंमत ५४.६ अब्ज झाली, कंपन्यांची बोली २१.५. मग १०८ मेगाहर्ट्झ : ४०.३ विरुद्ध १९.७. चौथ्या टप्प्यात उद्दिष्ट ८४वर उतरले आणि जानेवारी २०१७मध्ये केंद्रांची किंमत एकदम १०.०५ अब्जांवर आली. घ्यायची जागा कमी झाली, तशी अडून बसलेल्या महागड्या केंद्रांची गरजच उरली नाही. दरम्यान एफसीसीची सूत्रे टॉम व्हीलर यांच्याकडून भारतीय वंशाच्या अजित पै यांच्याकडे आली. एप्रिलमध्ये निकाल जाहीर झाला : कंपन्यांनी १९.८ अब्ज डॉलर मोजले, १७५ केंद्रांनी १०.०५ अब्ज घेतले आणि ७ अब्जांहून अधिक रक्कम राष्ट्रीय तूट भरायला गेली.

३८ ते ५१ या वाहिन्या टीव्हीच्या हातून गेल्या. ३७वी खगोलशास्त्रज्ञांच्या रेडिओ दुर्बिणींसाठी १९६०च्या दशकापासूनच राखलेली होती. म्हणजे टीव्हीची हद्द झाली ३६.

कोणी काय घेतले, कोणी काय सोसले

सर्वांत मोठा मोबदला, सुमारे ३० कोटी ४० लाख डॉलर, शिकागोच्या बाजारपेठेत मोडणाऱ्या ला साल या छोट्या गावच्या केंद्राला मिळाला. न्यू जर्सीच्या सार्वजनिक केंद्राला १९ कोटी ४० लाख मिळाले. बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक केंद्राने सुमारे १६ कोटी घेतले आणि आपले केंद्र खालच्या व्हीएचएफ पट्ट्यात नेले, जिथे डिजिटल चित्र पकडणे घरच्या छोट्या अँटेनाला जड जाते. एकूण ३० केंद्रांनी असा पट्टा बदलला. इतरांपैकी बहुतेकांनी आपली वाहिनी सोडली, पण दुसऱ्या केंद्राच्या वाहिनीत भागीदारी पत्करून ती पडद्यावर राहिली. काही गुंतवणूक कंपन्यांनी मात्र आधीच मोठ्या शहरांतली कमी चालणारी केंद्रे विकत घेऊन ठेवली होती. त्यांचे लक्ष कार्यक्रमांवर नव्हते, परवान्यावर होते. सार्वजनिक केंद्रांच्या सौद्यांतून फ्रीडा हेनॉक यांनी राखलेल्या जागांपैकी काहींचा हिशेब डॉलरमध्ये झाला, हे वाचताना मन खट्टू होते. त्या पैशांतून काही सार्वजनिक केंद्रांना बळ मिळाले, हेही तितकेच खरे.

मग सरकवासरकव सुरू झाली. ९५७ केंद्रांना नव्या वाहिन्यांवर जायचे होते. दहा टप्पे आखले गेले आणि ३९ महिन्यांची मुदत मिळाली. उंच मनोऱ्यांवर चढून काम करणारे कसबी कामगार देशात मोजकेच होते. एप्रिल २०१८मध्ये मिझुरीत फोर्डलँडजवळ १,८०० फुटांहून उंच मनोरा कोसळला. या बदलासाठीच तो बळकट करण्याचे काम चालू होते. त्यात एका कामगाराचा जीव गेला. त्याच वर्षी काँग्रेसने आणखी एक अब्ज डॉलर मंजूर केले आणि हमीबाहेर राहिलेल्या छोट्या केंद्रांना व सहप्रक्षेपकांनाही त्यातून काही मदत मिळाली. यूटासारख्या डोंगराळ राज्यात एका सहप्रक्षेपकावर अख्ख्या दरीचा टीव्ही चालतो. तिथे ही मदत उशिरा आली, तरी मोलाची होती.

जुलै २०२०मध्ये स्थलांतर संपले. प्रेक्षकाने प्रत्येक वेळी संच पुन्हा स्कॅन करायचा आणि एखादी वाहिनी दिसेनाशी झाली तर अँटेना बदलायचा, हा भार त्याच्यावर पडला. लिलावात बोली लावायला त्याला जागाच नव्हती.

लहरी वाया गेल्या नाहीत. सुमारे ८ अब्ज डॉलर मोजणाऱ्या टी-मोबाइलने ऑगस्ट २०१७मध्येच वायोमिंगमधल्या शायेन शहरात ६०० मेगाहर्ट्झचे पहिले केंद्र चालू केले आणि डिसेंबर २०१९मध्ये त्याच पट्ट्यावर देशव्यापी पाचव्या पिढीचे जाळे उघडले. जिथे फोन कधी लागत नव्हता, अशा कित्येक खेड्यांना त्यामुळे संपर्क मिळाला. दुसरी मोठी बोली डिशची होती, ६.२ अब्जांची. तिची मूळ कंपनी इकोस्टारने ऑगस्ट २०२५मध्ये हा पट्टा इतर लहरींसह सुमारे २३ अब्ज डॉलरना एटी अँड टीला विकण्याचा करार जाहीर केला. लोकांच्या लहरी एकदा बाजारात उतरल्या की त्यांचा पुढचा नफा कोणाकडे जातो, हे त्यातून कळते.

मार्च २०२० हा महिना या दोन्ही वापरांची बाजू एकाच वेळी सांगून गेला. करोनामुळे माणसे घरात कोंडली गेली आणि फोनवरचा भार वाढला, तेव्हा एफसीसीने इतरांच्या पडून असलेल्या ६०० मेगाहर्ट्झ लहरी टी-मोबाइलला तात्पुरत्या वापरू दिल्या. त्याच दिवसांत लॉस एंजेलिसच्या शाळा बंद झाल्या आणि घरी इंटरनेट नसलेल्या मुलांसाठी सार्वजनिक टीव्ही केंद्रांनी वर्गांचे धडे प्रक्षेपित केले. त्यांतली केसीईटी आणि शाळामंडळाची केएलसीएस ही केंद्रे लिलावानंतर एकच वाहिनी वाटून घेत होती. निम्म्या जागेतही ती मुलांपर्यंत पोहोचली.

मिलग्रोम आणि विल्सन यांना २०२०चे नोबेल मिळाले. टीव्ही उद्योगाने नवे मानक, एटीएससी ३.०, हाती घेतले. फेब्रुवारी २०२५मध्ये एनएबीने एफसीसीकडे मागणी केली की मोठ्या ५५ बाजारपेठांत २०२८पर्यंत आणि उरलेल्या देशात २०३०पर्यंत जुने डिजिटल प्रक्षेपण बंद करू द्यावे. नव्या पद्धतीत चित्र सुधारते, पण अनेक केंद्रे आपला सिग्नल कुलूपबंद करून पाठवू लागली आहेत, आणि ते उघडायला प्रमाणित उपकरण लागते. फुकट मिळणारी गोष्ट कुलपात ठेवायची का, यावर तिथले प्रेक्षक आज भांडत आहेत. ते भांडण रास्त आहे.

आपल्याकडे

भारतात अँटेनावरच्या टीव्हीची माघार लिलावाशिवाय आणि फारशा चर्चेशिवाय घडली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. वरळीचा मनोरा आणि पुढे सिंहगडावरचा मनोरा यांच्या आधारे ‘आमची माती, आमची माणसं’ शेतकऱ्यांच्या घरी पोहोचले. प्रसारभारतीने ही अॅनालॉग केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली. मार्च २०२२पर्यंत मोक्याच्या ठिकाणची पन्नासेक सोडून सगळी थांबवण्याचे धोरण होते. मोफत पाहणाऱ्यांसाठी डीडी फ्री डिश हा उपग्रहाचा मार्ग उरला आणि त्याने ही जबाबदारी कोट्यवधी घरांत निभावली आहे. जुलै-ऑगस्ट २०२२च्या लिलावात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा पहिल्यांदा विक्रीला निघाला. त्यावर एकही बोली आली नाही. त्याच्या शेजारच्या लहरींवरून थेट मोबाइलवर टीव्ही पाठवण्याच्या चाचण्या आपल्याकडे झाल्या, त्याही एटीएससी ३.०च्या तंत्रावर.

म्हणजे आपला निर्णय अजून पुढे आहे आणि अमेरिकेचा अनुभव समोर आहे. फोनला लहरी लागतात, त्या द्यायला हव्यात आणि किंमत घेऊनच द्यायला हव्यात. कोस यांचे म्हणणे थट्टेचे नव्हते, हे सिद्ध झाले आहे. पण लिलावाला तेवढेच दिसते, ज्यासाठी कोणी पैसे मोजायला तयार असतो. वादळाच्या रात्रीची सूचना, इंटरनेट नसलेल्या मुलीचा धडा, दरमहा पैसे न भरता मिळणारी बातमी यांसाठी बोली लावणारा कोणी नसतो. त्यांची जागा बाजार राखणार नाही. ती आधी कायद्याने राखावी लागते, जशी १९५२मध्ये फ्रीडा हेनॉक यांनी राखून घेतली. आपल्याकडे हा पट्टा पुन्हा विक्रीला येईल, तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरण नेहमीप्रमाणे नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवेल. त्या फक्त कंपन्यांकडून जाता कामा नयेत. मोफत टीव्हीसाठी किती लहरी कायमच्या राखायच्या, हे विचारणारे पत्र वाचकांनीही जरूर पाठवावे.